प्रश्नोत्तेजक पेय

मी दारू पीत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. यात माझा काही मोठेपणा नाही. बँकेच्या काउंटरवर चोवीस वर्षे काढलेल्या माणसाचे डोके संध्याकाळी आपोआपच गरगरत असते. त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. तरीही आमच्या व्याख्यानमाला समितीच्या इतिवृत्तात ठराव क्रमांक ४ असा नोंदलेला आहे : ‘खजिनदारांनी व्याख्यानाच्या ठिकाणी बिअर उपलब्ध करून द्यावी अशी सूचना मांडली. सदर सूचना एकमताने फेटाळण्यात आली.’

खजिनदार म्हणजे मी. समितीत एक जरी बँकवाला सापडला तरी त्याला खजिनदार करायचे, हा नियम डोंबिवलीत लोकल गाडीच्या आधीपासून असावा. आता सूचना मी मांडली आणि ती एकमताने फेटाळली गेली, याचा अर्थ माझी सूचना मीसुद्धा फेटाळली. असे काही केल्याचे मला आठवत नाही. आणि मी तर शुद्धीवर होतो.

खरे म्हणजे बिअर हा शब्दच मी उच्चारला नव्हता. मी म्हणालो होतो, ‘‘इंग्लंडात मेव्हण्याकडे गेलो होतो, तेव्हा तिथल्या पबमध्ये एक व्याख्यान ऐकलं. तसं काहीतरी आपल्याकडे व्हायला हवं.’’ यातला ‘पब’ हा शब्द कानावर पडल्यानंतर पुढचे कुणी काही ऐकलेच नाही. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘म्हणजे आता वक्त्याला श्रीफळाऐवजी बाटली द्यायची?’’ अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसतात तेव्हा संस्कृती धोक्यात आलेली असते. ‘‘सरस्वतीच्या दरबारात पेले खणखणणार असतील,’’ ते म्हणाले, ‘‘तर मी या पदावर राहू इच्छित नाही.’’ त्यांना पदावर ठेवणे भाग होते, कारण सतरंज्या त्यांच्या घरी असतात. मला माझी बाजू मांडायला दीड मिनिट मिळाले, आणि त्यातलेही एक मिनिट चहा आला म्हणून गेले.

त्या राहिलेल्या अर्ध्या मिनिटाची वसुली मी आज इथे करणार आहे.

आधी आमच्या व्याख्यानमालेविषयी. ती वाईट नाही. महाराष्ट्रातल्या शंभर व्याख्यानमालांसारखीच ती आहे, आणि नेमके तेच तिचे दुखणे आहे. २०२४ च्या जानेवारीत आम्ही ‘सायबर गुन्हेगारी : एक आव्हान’ हे व्याख्यान ठेवले होते. (आमच्याकडे कुठलाही विषय ‘एक आव्हान’ नाहीतर ‘एक चिंतन’ असल्याशिवाय पत्रिकेवर छापत नाहीत.) वक्ते चांगले जाणकार होते. हॉल साडेसहा ते नऊ असा घेतला होता, म्हणजे दीडशे मिनिटे. मी खजिनदार असल्यामुळे पैशांचा हिशेब ठेवतोच. त्या दिवशी कंटाळून मिनिटांचा ठेवला. बी. कॉम. सेकंड क्लास झालेल्या माणसाला दुसरी करमणूक नसते.

अध्यक्षांची वाट पाहणे : ३० मिनिटे. दीपप्रज्वलन : ७. (पंख्याने काडी विझते म्हणून पंखा बंद केला. समई लागली, पण पंखा पुन्हा लावायचा कुणाच्या लक्षात आले नाही.) सरस्वतीस्तवन : ६. प्रास्ताविक : १४. वक्त्यांचा परिचय : ११. या परिचयाचे पहिले वाक्य ‘यांना परिचयाची गरज नाही’ हे होते. सत्कार, एकूण नऊ जणांचे : १६. त्यांत मंडपवाल्याचाही एक होता. प्रायोजकांचे मनोगत : ८. मग वक्ते : ३२. त्यानंतर अध्यक्षीय समारोप : २१. त्यात अध्यक्षांनी ‘वक्त्यांनी सगळंच सांगितलं आहे, त्यामुळे मी अधिक काही बोलणार नाही’ हे तीन वेळा सांगितले. आभार : ५. बेरीज करा. बरोबर दीडशे. नावे आणि जमा दोन्ही बाजू जुळल्या. आयुष्यात इतका स्वच्छ ताळेबंद मी बँकेतसुद्धा पाहिला नव्हता.

फक्त एक खाते त्यात शून्य होते. श्रोत्यांचे प्रश्न : ० मिनिटे.

तशी सोय आम्ही केली होती. ‘श्रोत्यांनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून स्वयंसेवकाकडे द्यावेत’ अशी घोषणा झाली होती. चिठ्ठ्या पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात जमा झाल्या. डबा माझ्याकडे आला. मी तो व्यासपीठाकडे दाखवला. सेक्रेटरींनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवले, आणि माइकवर म्हणाले, ‘‘वेळेअभावी आपण प्रश्नोत्तरे घेऊ शकत नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत.’’ वेळेअभावी! दीडशे मिनिटांतली एकशे अठरा आम्ही एकमेकांना ओवाळण्यात घालवली होती आणि अभाव मात्र वेळेचा निघाला.

त्या डब्याकडे मी परत येणार आहे. वाचकांनी तो लक्षात ठेवावा. मी ठेवला नाही.

आता इंग्लंड. २०२५ च्या मे महिन्यात साठवलेली सगळी रजा एकदम काढून आम्ही उभयता लीड्सला गेलो. तिथे बायकोचा भाऊ असतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, ‘‘भाऊजी, चला, कोपऱ्यावरच्या पबमध्ये आज व्याख्यान आहे.’’ मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. पबमध्ये व्याख्यान देणारे लोक मला माहीत होते, पण त्यांना शेवटी रिक्षात घालून घरी पोचवावे लागते.

पब म्हणजे आपल्या सिनेमातला नव्हे. खलनायक नव्हता, फिरते दिवे नव्हते. जुनी लाकडी बाके, घासून गुळगुळीत झालेली टेबले, एका कोपऱ्यात झोपलेला कुत्रा, आणि गल्लीतलीच चाळीसेक माणसे. मेव्हण्याने मला जिंजर बिअर आणून दिली. नाव ऐकून मी दचकलो; पण ते निव्वळ आल्याचे फसफसणारे सरबत निघाले. नाव बिअरचे, काम पाचकाचे. (इतिवृत्तातल्या बिअरचा उगम हा असावा. बायकोने ही गोष्ट सेक्रेटरींच्या बायकोला सांगितली होती.)

वक्ता कोण, हे मी शोधू लागलो. व्यासपीठ नव्हते, त्यामुळे दिशाच कळेना. आपल्याकडे कसे, तीन फूट उंचीवर जो बसला असेल तो विद्वान. शेवटी शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ आपला पेला हातात घेऊनच उठले आणि बोलू लागले. विषय होता लीड्स-लिव्हरपूल कालवा. गृहस्थ विद्वान वगैरे काही नव्हते; उभ्या आयुष्यात त्यांनी त्या कालव्याच्या दरवाजांची दुरुस्ती केली होती. परिचय त्यांनी स्वतःच, एका वाक्यात करून दिला.

कालवा १२७ मैलांचा, म्हणजे जवळजवळ २०४ किलोमीटर. काम सुरू झाले १७७० साली आणि पूर्ण झाले १८१६ साली. शेहेचाळीस वर्षे! हे ऐकून मला परमुलखात पहिल्यांदा घरच्यासारखे वाटले. एका बाईंनी मध्येच विचारले, की वाटेत एवढा डोंगर असताना होडी वर चढते कशी? ‘‘प्रश्न शेवटी घेऊ’’ असे कुणी म्हणाले नाही. वक्त्याने दोन पेले जवळजवळ ठेवले, एक भरलेला, एक अर्धा. म्हणाला, समजा होडी या अर्ध्या पेल्यात आहे. मागचा दरवाजा लावायचा, वरच्या अंगाची झडप उघडायची, वरचे पाणी आत येते, होडी त्याच्याबरोबर वर उचलली जाते. ना पंप, ना इंजिन. पुढचा दरवाजा मात्र पाणी दोन्हीकडे सारखे झाल्याखेरीज उघडत नाही. एका बाजूला जरा जरी जास्त असले, तरी त्या पाण्याचा रेटाच तो घट्ट मिटवून ठेवतो. चार माणसे लावली तरी हलायचा नाही.

त्याच दिवशी सकाळी मी जवळच्या बिंगली गावातली अशी पाच दरवाजांची उतरंड पाहून आलो होतो. १७७४ सालची, एकाला एक लागून पाच हौद, एकोणसाठ फुटांची चढण. तिथे फलक होता, फोटो काढले होते, आणि काडीइतके कळले नव्हते. आता दोन पेल्यांत कळले. आणि त्यातला एक माझ्या आल्याच्या सरबताचा होता.

वीस मिनिटांत त्याचे बोलणे संपले. मग पंधरा मिनिटे सुट्टी, म्हणजे पेले पुन्हा भरून आणायची वेळ. ही सुट्टी मला आधी चैन वाटली. नंतर तिची करामत लक्षात आली. त्या पंधरा मिनिटांत लोक आपापसांत बोलतात, ‘‘अगं, ते झडपेचं तुला कळलं का?’’ ‘‘नाही बुवा.’’ आपल्यासारखेच दुसऱ्यालाही कळलेले नाही हे समजले की माणसाला धीर येतो. आणि मग पुढचा तासभर नुसते प्रश्न.

मीही विचारला. कॉमर्सच्या माणसाला जो सुचेल तोच. ‘‘शेहेचाळीस वर्षं पैसा कुणी घातला, आणि त्यांना डिव्हिडंड कधी मिळाला?’’ माझे इंग्रजी बँकेच्या फॉर्मवरचे. वाक्याच्या शेवटी ‘युवर्स फेथफुली’ म्हणायचे तेवढे राहिले. पण कुणी हसले नाही. वक्त्याने डोके खाजवले आणि तो म्हणाला, ‘‘मला माहीत नाही.’’

वाचकहो, मी चमकलो. आजवर शेकड्याने व्याख्याने ऐकली, सतरंज्या घालून ऐकली आणि सतरंज्या काढेपर्यंत ऐकली. पण माइकसमोर उभा राहून ‘मला माहीत नाही’ म्हणणारा वक्ता मला भेटला नव्हता. आपल्याकडे न येणाऱ्या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात. ‘फार चांगला प्रश्न आहे’ हे पहिले. ‘याचं मूळ आपल्या मानसिकतेत आहे’ हे दुसरे. इथे मात्र वक्त्याने सरळ खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, ‘‘कुणाला माहीत आहे का?’’ कोपऱ्यातल्या, कुत्र्याच्या मालकाला थोडेफार माहीत होते. मध्ये पैसा संपला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने व्यापार बसला, आणि काम बरीच वर्षे थंडावले, असे त्याने सांगितले. डिव्हिडंडचे त्यालाही ठाऊक नव्हते. शेवटी वक्त्याच्या जाण्यायेण्याच्या खर्चासाठी एक टोपी फिरली. तीत मी एक नाणे टाकले. खजिनदार म्हणून मला शालीपेक्षा हे स्वस्त वाटले.

‘‘ही परदेशी थेरं आपल्याला नकोत,’’ असे आमचे अध्यक्ष म्हणाले. ठीक आहे. आता थेरांचाच इतिहास पाहू.

लंडनमध्ये पहिले कॉफीगृह १६५२ साली निघाले. पुढे त्यांना लोक ‘पेनी विद्यापीठ’ म्हणू लागले, कारण एक पेनी टाकली की कुणीही आत बसून कुणाशीही वाद घालू शकत असे. माझ्या बी. कॉम.च्या पेपरात ज्या लॉइड्सने मला दोन मार्कांना गंडवले, तो विम्याचा धंदा एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहातच वाढला. या गप्पांचा राजा दुसऱ्या चार्ल्सने एवढा धसका घेतला, की १६७५ च्या डिसेंबरात त्याने कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला. लोक असे खवळले, की हुकूम अमलात येण्यापूर्वीच मागे घ्यावा लागला. राजा काही कॉफीला भीत नव्हता.

त्याहून मला आवडतात ते स्पिटलफील्ड्सचे विणकर. लंडनच्या पूर्वेकडच्या या वस्तीत १७१७ साली विणकर-कारागिरांनी एक गणित मंडळ काढले. बैठक गुत्त्यात. दिवसभर माग चालवून आलेली माणसे तिथे भूमिती सोडवत बसत. त्यांचा एक नियम होता : एका सभासदाने दुसऱ्याला प्रश्न विचारला, तर त्याने तो जमेल तितक्या सोप्या रीतीने समजावून देणे हे त्याचे कर्तव्य. विचारणाऱ्याने विचारावे, एवढेच नव्हे. जाणणाऱ्याने सांगितलेच पाहिजे. हे मंडळ शंभरावर वर्षे चालले आणि शेवटी तिथल्या रॉयल खगोल संस्थेत विलीन झाले. आमच्या समितीची घटना सतरा पानांची आहे. त्यात शालीचा रंग आहे. हा नियम नाही.

लीड्समधली हल्लीची प्रथा मात्र जुनी नाही. फ्रान्समध्ये मार्क सोते नावाच्या तत्त्वज्ञाने १९९२ साली पॅरिसच्या एका कॅफेत तत्त्वज्ञानाच्या खुल्या गप्पा सुरू केल्या होत्या. तो वारल्यावर त्याच्यावरचा मृत्युलेख लीड्सच्या डंकन डॅलस या दूरचित्रवाणी निर्मात्याने वाचला, आणि १९९८ मध्ये तीच गोष्ट विज्ञानासाठी सुरू केली. (आपल्याकडे मृत्युलेख वाचून शोकसभा घेतात.) २०१३ च्या मे महिन्यात दोन तरुण संशोधकांनी लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज इथल्या पबमध्ये विज्ञानाच्या संध्याकाळी भरवल्या, आज तो उत्सव अनेक देशांत होतो. २०१४ पासून नॉटिंगहॅममध्ये पीएच. डी.चे विद्यार्थी पबमध्ये उभे राहून आपला प्रबंध दहा मिनिटांत लोकांना समजावतात. पुढे वीसेक मिनिटे लोक त्यांना विचारतात. मानधन, एखादा पेला. आपल्याकडे प्रबंध समजावण्याची पद्धत नाही. तो बाइंड करतात.

आणि आता आपली परंपरा. तिचा मला अभिमान आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दीडशे वर्षे झाली. जी संस्था ती चालवते तिचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. काय भारदस्त नाव आहे! त्या काळात मराठी माणूस चारचौघांत उभा राहून बोलायला बिचकत होता, म्हणून त्याच्या बोलण्याला उत्तेजन हवे होते. ते मिळाले. इतके मिळाले, की आज मराठी माणसाच्या हातात माइक गेला तर तो परत घ्यायला दोन स्वयंसेवक लागतात. काम फत्ते झाले. पण चारचौघांत उभा राहून विचारायला तो अजून तसाच बिचकतो, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तेजन देणारी सभा काढायचे आपल्या गावोगावच्या समित्यांना सुचलेले नाही. वक्तृत्वोत्तेजक पुष्कळ झाले. आता प्रश्नोत्तेजक हवे.

आमच्या सेक्रेटरींचा आक्षेप असा, की तिकडे लोक दारूसाठी जातात, ज्ञान आपले चकण्यासारखे. असेल. पण मग दारूवर जगणाऱ्या त्या ज्ञानाला तासभर प्रश्न पडतात, आणि आमच्या निर्व्यसनी ज्ञानाला एकही पडत नाही, हे कसे? दुसरा आक्षेप, वक्त्याचा मान राहत नाही. मी म्हणतो, एप्रिल महिन्यात डोंबिवलीत, पंखा बंद असताना, माणसाच्या अंगावर लोकरीची शाल घालण्याला मान म्हणतात का? ती शालही आम्ही डझनाच्या भावाने घेतो. वक्त्याला खरा मान तेव्हा मिळतो, जेव्हा त्याचे ऐकून कुणाला तरी पुढे काही विचारावेसे वाटते.

तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो, आणि तो समितीने घेतलेलाच नाही, मीच घेतो. पबमध्ये सगळे येत नाहीत. न पिणारे येत नाहीत, कित्येक बायका येत नाहीत, शाळकरी मुले येऊ शकत नाहीत. अलीकडे बंगळूर, मुंबई, पुण्याच्या पबमध्येही व्याख्याने होऊ लागली आहेत. तिथे प्रश्नही विचारतात. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तिकीट काढून पबमध्ये जातील, हे मला स्वप्नातही दिसत नाही. म्हणजे आपण तिकडची बिअर आणली, टेबले आणली, आणि दारात पुन्हा एक उंबरठा घातला. आणायची होती ती गोष्ट एवढीच, की सांगणारा आणि ऐकणारा एकाच उंचीवर बसले पाहिजेत. नाहीतर मधला दरवाजा चार माणसे लावूनही उघडत नाही.

काकूंचे नाव निघालेच आहे, तर आता तो पेढ्यांचा डबा.

काकू निवृत्त शिक्षिका. माझ्या बायकोला चौथीत त्यांनीच शिकवले. मुलगा परगावी, त्या एकट्या. सायबर गुन्हेगारीच्या व्याख्यानाला त्या पहिल्या रांगेत होत्या, वही-पेन्सिल घेऊन. त्यानंतर सुमारे महिन्याने, एका सोमवारी त्या आमच्या बँकेत माझ्याच काउंटरवर आल्या. पाच लाखांची ठेव मोडायची होती. मी म्हणालो, ‘‘काकू, मुदतीला सातच महिने राहिलेत. व्याज जाईल.’’

‘‘जाऊ दे रे. मुलाला हवेत.’’

त्यांचा आवाज मला जरा वेगळा वाटला. फोन त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. पण मागे रांगेत चौदा माणसे होती, आणि त्यांतली एक ‘‘चला हो, आटपा’’ म्हणत होती. मी फॉर्म भरून पुढे सरकवला.

मुलाला काही नको होते. मुठीतल्या फोनवर, चालू लाइनवर, पोलिसाचा गणवेश घातलेला एक भामटा होता. ‘तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला अटक झाली आहे, कुणाशी बोललात तर तुरुंगात जाल’ असे तो दोन दिवस त्यांना सांगत होता. हिला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. कायद्यात अशी अटक नाही. मंगळवारी रात्री काकूंनी माझ्या बायकोला सांगितले, आम्ही १९३० वर तक्रार केली, थोडी रक्कम गोठवली गेली. बाकीची गेली.

त्या आठवड्यात हिशेबाचे कागद शोधताना तो डबा हाताला लागला. आत तीन चिठ्ठ्या होत्या. एकीवर ‘पंखा लावा.’ दुसरीवर ‘वक्त्यांचा फोन नंबर मिळेल का?’ तिसरीवर शाळेतल्या फळ्यावर असते तसल्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘व्हिडिओ कॉलवर पोलीस दिसला आणि अटक झाली म्हणाला, तर तो खरा की खोटा हे कसे ओळखावे? माझ्या बहिणीला असा फोन आला होता.’

‘पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत, फोन बंद करा आणि १९३० ला कळवा.’ हे उत्तर मी घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहिले. सात सेकंद लागतात. मंडपवाल्याच्या एकट्याच्या सत्कारालाच पावणेदोन मिनिटे लागली होती.

म्हणून, अध्यक्षमहाराज, मला तुमची सरस्वती कुठे नाराज होते ते ठाऊक नाही. पण पेल्यांच्या आवाजाने ती जाईल असे वाटत नाही. न वाचलेल्या चिठ्ठ्यांच्या डब्यात तिचा जीव गुदमरत असेल.

समितीने ठराव फेटाळल्यावर मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर महिन्यातून एका शनिवारी बसायला सुरुवात केली. नाव, अर्थात, प्रश्नोत्तेजक सभा. पेय चहा. ज्याने त्याने आपला कप घरून आणायचा. बोलायचे वीस मिनिटे, मग चहा, मग प्रश्न. खुर्च्या सगळ्या प्लास्टिकच्या आणि सारख्या. पहिल्या महिन्यात लिफ्टचा मेकॅनिक बोलला. लिफ्टचा दोर तुटला तर काय होते, हे विचारून लोकांनी त्याला रात्री साडेदहापर्यंत सोडले नाही. दुसऱ्या महिन्यात पाणीखात्यातले निवृत्त फिटर आले. ‘पाणी चौथ्या मजल्यावरच कमी का येतं?’ या प्रश्नावर इमारतीत तीन दिवस अबोला होता. ज्ञानाने माणसे जोडली जातातच असे नाही.

तिसऱ्या महिन्यात मी बोललो. विषय, मुदत ठेवी. चहा झाला. मी विचारले, ‘‘कुणाला काही प्रश्न?’’ आपल्या सवयीप्रमाणे सगळे कपात बघू लागले. मग काकू उठल्या.

‘‘त्या दिवशी बँकेत तू मला व्याजाचं सांगितलंस. पण ‘मुलाला कशाला हवेत’ हे पुन्हा एकदा का नाही विचारलंस?’’

फार चांगला प्रश्न आहे, असे मी म्हणू शकलो असतो. याचे मूळ आपल्या मानसिकतेत आहे, असेही म्हणू शकलो असतो. पण नियम मीच केला होता, विणकरांकडून उचलून. जमेल तितक्या सोप्या रीतीने सांगायचे.

‘‘मागे रांग होती, काकू,’’ मी म्हणालो. ‘‘आणि मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत असेल.’’

काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या. ‘‘मला वाटलं, तुला माहीत असेल,’’ त्या म्हणाल्या, आणि बसल्या. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने हात वर केला आणि विचारले, की असा फोन आला आणि बँकेतल्या माणसाला खुणेने कळवायचे असेल तर कसे कळवावे? त्यावर पाऊण तास चर्चा झाली. काही सूचना मी शाखेत कळवल्या आहेत.

शेवटी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या शनिवारी आमचे सेक्रेटरीही आले होते. सतरंजी लागेल का विचारायला, असे म्हणाले. प्रश्न संपत आले तशी त्यांची चुळबूळ सुरू झाली, आणि त्यांनी पिशवीतून हळूच एक नारळ काढला. ‘‘रिकाम्या हाताने कसं जायचं वक्त्याने?’’ सवय ती सवय. मी तो घेतला नाही. लिफ्टच्या मेकॅनिकने तो गच्चीच्या कट्ट्यावर आपटून फोडला, काकूंनी खोबऱ्याचे तुकडे केले, आणि सगळ्यांना एकेक मिळाला.

वक्त्याला मिळाला तोही तेवढाच.